तारलीचा ऑक्टोबर

आज दुपारी तीन पस्तीसला टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला. आवाज झाला नाही. ऑक्टोबरात माझा फोन आवाज करत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पडद्यावर चार शब्द होते : ‘उठला. काळा. पारसिकच्या मागे.’ पाठवणारी माझी धाकटी बहीण नीता. ती मुलुंडला अकराव्या मजल्यावर राहते आणि तिच्या गॅलरीतून खाडी, ऐरोलीचा पूल आणि त्यापलीकडचा पारसिकचा डोंगर सरळ दिसतो. मी बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या दोघांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिच्याकडे उठलेला ढग ते जंगल ओलांडून माझ्यापर्यंत यायला साधारण अर्धा तास घेतो.

घरी बसून तपासत असलेली बातमी मी अर्ध्या वाक्यावर सोडली आणि खाली निघालो. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर लक्षात आलं की मी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरतो आहे. माझं वय चोपन्न. त्यातली तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. तिथे धावत येणाऱ्या माणसाला आधी पाणी देतात आणि मग बातमी विचारतात. पण वर्षातले हे तीन आठवडे वेगळे. दुपारचे तीन वाजले की माझं लक्ष पूर्वेच्या खिडकीकडे जातं आणि कामातून उडतं. नीताचंही तसंच होतं, असं ती मान्य करत नाही. पण तिचे निरोप तीनच्या आधीच सुरू होतात. ‘अजून काही नाही.’ ‘अजूनही नाही.’ ‘एक आहे, पण पांढरा.’

मुंबईचा पाऊस मोठा गाजावाजा करतो, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो बराचसा मुका आहे. जुलैत दोन-दोन दिवस धार तुटत नाही, गटारं वर येतात, भिंतींना ओल फुटते, पण आकाशातून आवाज येत नाही. गडगडाट असतो तो दोन टोकांना : पावसाळा येण्याआधीचे काही दिवस, आणि तो जाताना. जातानाचा जास्त. तेव्हा सकाळ कोरडी आणि कडक असते. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. दुपारी वारा थांबतो, पंख्याखाली बसूनही मान ओली होते, गल्लीच्या टोकाच्या सातविणीचा जड गोड वास जागचा हलत नाही. मग पूर्वेला, जंगलाच्या रेषेवर, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक पांढरा ढग वर येतो. त्याचा तळ काळा व्हायला लागतो. घारी फार उंच जातात. समोरच्या इमारतींवर पिवळा उजेड पडतो, इतका स्वच्छ, की चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतला तुळशीचा डबाही वेगळा दिसतो. या घटकेला आमच्या इमारतीत पूर्वी सगळे झोपलेले असत. आता कोणी झोपत नाही.

याला कारण तारली.

तारली तळमजल्यावर घाडीकाकूंकडे राहते. कुत्री मध्यम चणीची, पाठीवर राखाडी, पोटाकडे चांदीसारखी. म्हणून नाव माशाचं. काकू मालवणकडच्या. त्यांच्या मते कुत्र्याला माणसाचं नाव दिलं तर माणसाचा अपमान होतो, माशाचं दिलं तर कोणाचाच होत नाही. घाडीकाका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका गोदामावर पहारेकरी झाले. तिथूनच एका संध्याकाळी त्यांनी तिला शर्टाच्या आत घालून घरी आणलं. काका गेल्यावर घरात या दोघीच.

तारली भित्री नाही, हे नोंदवणं आवश्यक आहे. गणपतीत ढोल-ताशांचं पथक सोसायटीच्या दारात वाजवत असताना ती त्यांच्यासमोर आडवी होऊन झोपते. जंगलातून वानरांची टोळी आली तर तिला गच्चीपर्यंत पोचवून येते. कचऱ्याच्या गाडीशी तिचं जुनं वैर आहे आणि त्यात माघार तिने कधी घेतलेली नाही. फक्त ढग. आकाशात पहिला, आम्हाला जेमतेम ऐकू येणारा घुरघुराट झाला, की ती जागची उभी राहते. कान मागे जातात, तोंडातून लाळ गळू लागते, मागचे पाय थरथरतात. आणि मग ती पळते. लपत नाही, पळते, जिथे फट असेल तिथून.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ती अशीच स्वयंपाकघराच्या खिडकीच्या सैल गजातून निघाली आणि गल्लीच्या टोकाला जिथे उद्यानाची भिंत ढासळली आहे, तिथून आत गेली. आमच्या भागात कुत्रं हरवलं की भिंतीच्या कोणत्या बाजूला, हा पहिला प्रश्न असतो. पलीकडे बिबटे आहेत. ही अफवा नव्हे. आमच्या गच्चीवरून एकदा मीही पाहिला आहे, भिंतीवर बसलेला, शेपूट खाली सोडून. काकू दोन दिवस त्या ढासळलेल्या जागी उभ्या राहून हाका मारत होत्या. वनरक्षक त्यांना परत पाठवायचा, त्या वळसा घालून पुन्हा तिथेच यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तारली आपली आपण परत आली. डावा कान अर्धा होता. काकूंनी हळद लावली, पेज घातली, आणि मला एवढंच म्हणाल्या, "एकदा येवन पोचली. परत गेली तर येवची नाय."

पुढचं वर्षभर त्या वाक्यावर काही झालं नाही. मग गेल्या वर्षी गणपती उठले, आणि काकूंनी आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि बोलायला थेट. त्यांनी तारलीला तपासलं, जुनी बनियन अंगाभोवती घट्ट कशी बांधायची ते दाखवलं, आणि एक पद्धत सांगितली. तिला जगात सर्वांत जास्त आवडणारा खाऊ ठरवा. तो एरवी द्यायचा नाही. गडगडाट जवळ आला की आधी आतल्या खोलीत घ्या, आधी खाऊ द्या, लहान तुकड्यांनी, आणि मग आवाज होऊ द्या. आधी खाऊ, मग आवाज. क्रम चुकवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चुकला तर ती नेमकं उलटं शिकेल.

आवडता खाऊ कोणता, यावर चर्चा झालीच नाही. सुके बोंबील. बिनमिठाचे, गॅसवर भाजून बोटभर तुकडे केलेले. मुद्दा उरला ‘आधी’चा. आवाजाच्या आधी म्हणजे केव्हा? फोनवरचं अ‍ॅप ‘दुपारनंतर गडगडाटाची शक्यता’ एवढं सांगतं. तेवढ्यावर डेस्कवर चार ओळींची बातमी होते, बोंबील गॅसवर केव्हा धरायचा ते कळत नाही. मला माझ्या धंद्यातला एकच उपाय ठाऊक होता : ढग जिथून येतो तिथे आपला माणूस ठेवणे. मी नीताला फोन केला.

तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आई आजारी होती तेव्हा तुला मुलुंडला यायला सुट्टी मिळत नव्हती, आणि आता कुत्रीसाठी मला गॅलरीत ड्यूटी लावतोस. झकास." थोडं थांबून तिने विचारलं, ढग कोणत्या रंगाचा झाला की कळवायचं.

पहिले तीन दिवस ती ‘आला वाटतं’ असं सांगायची. मी तिला सांगितलं की वाटतं चालणार नाही; दिशा, वेळ, तळ काळा आहे की नाही, आणि तिच्याकडे वारा सुटला का. चौथ्या दिवसापासून तिचे फोन एखाद्या मुरलेल्या वार्ताहराचे झाले. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिचा फोन वाजला की मी जिना उतरायचो. काकू माझी पावलं ऐकून दार उघडायच्या. खिडक्या लागायच्या, बनियन बांधली जायची, गॅसवर बोंबील चढायचा. वास जिन्यातून वर जायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी, ज्यांनी या वासाबद्दल सोसायटीकडे पूर्वी लेखी तक्रार केली होती, त्या तो वास आला की आता गॅलरीत येऊन दोरीवरचे कपडे काढू लागल्या. एकदा ढग हुलकावणी देऊन ठाण्याकडे गेला तर त्यांनी मला जिन्यात गाठून, बोंबील भाजला पण पाऊस का नाही आला, असा जाब विचारला. मी खुलासा छापायचं कबूल केलं.

त्या दिवसांचा उत्साह आता शब्दांत मांडताना हात आखडतो, कारण निमित्त फारच लहान होतं. चारेक माणसं, एक कुत्री, एक ढग. पण दुपारी साडेतीन ते साडेचार या तासात इमारत जागी व्हायची, सामन्याच्या शेवटच्या षटकासारखी. पहिला घुरघुराट व्हायचा. तारली तुकडा तोंडात घेऊन थांबायची. काकू आणि मी तिच्या जबड्याकडे बघत राहायचो. तिने चावलं की काकू माझ्याकडे न बघता मान हलवायच्या. पहिल्या गडगडाटाला तिने तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी धरून ठेवला. चौथ्या वादळात दूरचा आवाज चालला असताना तिने दोन तुकडे खाल्ले, जवळचा झाल्यावर थरथरत काकूंच्या मांडीखाली शिरली. पण दाराकडे गेली नाही. मी नीताला कळवलं. तिने उत्तरादाखल मोठ्याने शिट्टी वाजवली. ती शिट्टी वाजवते हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

आणि घट बसले.

घाडीकाकूंच्या घरी नवरात्र कडक असतं. घटाशेजारी नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. पायात चप्पल नाही. दोन वेळचा उपास, आणि मासळी घरात शिजणं सोडा, घरात असणंही चालत नाही. बोंबलाचा डबा त्यांनी आदल्या दिवशीच धुतलेल्या हातांनी उचलून बाहेर काढला आणि मग दारात डबा घेऊन उभ्या राहिल्या, कारण पुढे काय करायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. परतीचा पाऊस जोरात होता. नऊ दिवसांत पाच-सहा वादळं सहज झाली असती.

तोडगा पहिल्या मजल्यावरच्या कांबळेवहिनींनी काढला. वहिनी परिचारिका आहेत, सकाळपाळी करून तीनपर्यंत घरी येतात. माहेर साताऱ्याकडचं, घर बौद्ध, घटाचा प्रश्न नाही. त्यांनी काकूंच्या हातातला डबा घेतला. डबा माझ्याकडे, ढग उठला की कुत्री माझ्याकडे, देवी तुमच्याकडे, अशी त्यांनी वाटणी केली. काकूंनी विचारलं, नऊ दिवस तुझ्या घराक वास मारतलो, चलात? वहिनी म्हणाल्या, आमच्या घराला वर्षभर फिनेलचा मारतो.

व्यवस्था दिसायला उत्तम होती. चूक आम्हा कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि सर्वांत आधी ती माझ्या लक्षात यायला हवी होती.

आता नीताचा फोन वाजला की मी तळमजल्यावर धावायचो, तारलीला उचलून एक जिना चढायचो, वहिनींकडचं दार आतून लावायचो. उचललेलं तिला आवडत नाही. काकू जवळ नसायच्या. त्या खाली दिव्यापाशी. वहिनी कामावरून नुकत्याच आलेल्या, गॅस पेटवून बोंबील भाजेपर्यंत ढग पुढे आलेला असायचा. म्हणजे आधी जिन्यातून खालपर्यंत ऐकू येणारी माझ्या फोनची घंटा, मग धावपळ, मग जिना, बंद दार, मग गडगडाट, आणि शेवटी खाऊ. क्रम उलटा झाला होता. मला मात्र सगळं सुरळीत वाटत होतं, कारण इशारा वेळेवर येत होता. डेस्कवर वाढलेल्या माणसाची ही समजूत असते : लवकर सांगितलं म्हणजे आपलं काम झालं. ऐकणाऱ्याच्या मनात त्या सांगण्याचं काय होतं, ते बघायला पाळी संपल्यावर कोणी थांबत नाही.

अष्टमीच्या दिवशी दुपारी तीन पन्नासला मी तळमजल्यावर काकूंच्या दारात उभा होतो. आकाश निळं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेत गरब्याचा मंडप शेवटच्या दोन रात्रींसाठी वाढवत होते; बांबू उतरवणारा टेम्पो आत यायचा म्हणून सोसायटीचं फाटक सताड उघडं होतं. तारली उंबऱ्यावर झोपली होती. माझ्या खिशातला फोन वाजला. नीताच होती. तिला फक्त विचारायचं होतं, दसऱ्याला जेवायला मुलुंडला येणार का.

मी ‘हो’ म्हणेपर्यंत तारली उभी राहिली होती. कान मागे. लाळ. निळ्या आकाशाखाली, कुठेही गडगडाट नसताना. घंटा म्हणजे ढग, हे मला तेव्हा कळलं, पण तिला कळायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा एका क्षणाने उशिरा. ती फाटकातून गेली.

काकू घटासमोरून उठल्या आणि अनवाणीच धावल्या. ऑक्टोबरातला दुपारचा डांबरी रस्ता तव्यासारखा असतो. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे वहिनी, अजून कामावरच्याच कपड्यांत. गल्ली सरळ, तीनशे पावलांची. तारली टोकाशी राखाडी ठिपक्यासारखी दिसत होती आणि तिच्यापुढे भिंतीचा ढासळलेला भाग. काकू हाका मारत नव्हत्या. श्वास वाचवत होत्या.

तिला अडवलं ते एका दुसऱ्या टेम्पोने. बांबू उतरवून झालेला तो रिकामा टेम्पो चालकाने भिंतीलगत वळवायला घेतला. तारली बिचकली आणि त्याच्याच खाली घुसली. वहिनींनी चालकाला हात जोडून इंजिन बंद करायला लावलं. आम्ही पोचलो तेव्हा ती मधोमध, चाकांच्या दांड्याला चिकटून बसली होती. तिच्यापासून भिंतीची फट वीस पावलांवर. काकू वळसा घालून गेल्या आणि भिंतीच्या बाजूला, टेम्पो आणि फट यांच्या मध्ये, खाली मांडी घालून बसल्या. त्यांच्या तळपायांना फोड येऊ लागले होते.

वहिनी घरी परत धावल्या, बोंबील भाजायला. मी मागच्या बाजूला उकिडवा बसलो. आणि फोन पुन्हा वाजला.

टेम्पोखाली तारली वीतभर सरकली. भिंतीच्या दिशेला. मी पडद्यावर नीताचं नाव पाहिलं. आमच्या आधीच्या बोलण्याला वीस मिनिटं झाली होती, म्हणजे या वेळी ती जेवणाचं विचारत नव्हती. मी फोन बंद केला, पूर्ण. बातमी येत असताना फोन बंद करण्याची तीस वर्षांतली ती माझी पहिली वेळ. आता ढग किती दूर आहे, किती काळा आहे, केव्हा येणार, काहीच कळणार नव्हतं. जंगलावरचा उजेड पिवळा होऊ लागला होता.

वहिनी स्टीलच्या वाटीत तुकडे घेऊन आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी हात टेम्पोखाली घातला. तारलीने वास घेतला, वाटीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी प्रयत्न केला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ते मला मान्य आहे. ती दुसऱ्या बाजूला बघत होती, जिथे काकूंचे गुडघे आणि पदराचा काठ दिसत होता.

काकूंनी हात पुढे केला. वहिनींनी वाटी मागे घेतली.

"काकू, तुम्ही नका. आज अष्टमी आहे, घरी दिवा आहे. खाईल ती माझ्याकडून, थोडा वेळ द्या."

"वेळ खय आसा?" काकू म्हणाल्या.

तो नव्हताच. जंगलावर वीज चमकली, अजून आवाज न येण्याइतकी दूर. काकूंनी वाटी ओढून घेतली. त्यांचा हात त्या वासावर एक क्षण थांबला. एरवी याच हाताने त्या हे रोज चिरतात आणि भाजतात.

"उपास माझो आसा, तिचो नाय," त्या म्हणाल्या, आणि तुकडा उचलला.

या गोष्टीबद्दल नंतर बरंच बोललं गेलं. काकूंच्या जाऊबाईंनी परळहून येऊन दिवा विझला नाही ना, एवढं आधी विचारलं. तो विझला नव्हता, भाभी त्याच्याजवळ बसून तेल घालत होत्या, नाकाला पदर लावून, कारण वहिनींच्या घरचा वास जिनाभर होता. मग जाऊबाईंनी पुढच्या वर्षी काहीतरी करावं लागेल असं सुचवलं. काकू म्हणाल्या, देवीक मी सांगान काय तां. काय सांगितलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि हा माझ्या नोकरीत न बसणारा निर्णय होता. फोनचा आवाज मी त्याच संध्याकाळी बंद केला. तेव्हापासून नीता लिहून कळवते. या वर्षी घट बसण्याआधी डबा आणि तारली दोघांनीही आठवडाभर वहिनींकडे राहण्याचा सराव केला, काकूंसकट, आणि बोंबील भाजून तयार असतो.

पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी टेम्पोखाली एक कुत्री होती, भिंतीला फट होती, आणि आमच्याकडे इशारा देणारं कोणी नव्हतं. होती फक्त वीज. वीज दिसते आणि आवाज मागून येतो. एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद. हे मी दर वर्षी वाचकांसाठी चौकटीत छापलं आहे. वीज चमकत असताना उघड्यावर थांबू नये, हेही त्याच चौकटीत असायचं. थांबलो.

मी मोठ्याने मोजू लागलो. पहिल्या विजेनंतर सतरा. तोवर तारली तुकड्याकडे बघत राहिली आणि आवाज झाल्यावर अंग चोरून बसली. काकूंनी विचारलं, किती? मी म्हणालो, सतरा. अजून मुलुंडच्या अंगाला आहे. दुसरी वीज, तेरा. बाराव्या आकड्याला तिने जीभ लावली. तिसरी. काकूंना आता माझी गरज नव्हती. उजेड झाला की त्यांचा हात पुढे जायचा. "घे गो बाय. तो बोंबलता आपलो, तू खा." दहा. तिने तुकडा घेतला आणि तोंडात धरून ठेवला. आवाज झाला. धरून ठेवला. मग चावला.

वहिनी माझ्या शेजारी पालथ्या झोपून टेम्पोखाली बघत होत्या, गाल रस्त्याला टेकवून. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि प्रत्येक आकड्याला दाबत होत्या. टेम्पोचा चालकही वाकला होता. त्याने कधीतरी मोजणं उचललं, हिंदीत. काही काळ आम्ही दोन भाषांत मोजत होतो. आठ. सहा. पावसाचे पहिले थेंब नाण्याएवढे पडले, तापलेल्या रस्त्यावरून वाफ निघाली, काकूंच्या केसांची बट कपाळाला चिकटली. वारा जंगलातून एकदम सुटला. चार. तारली दांड्यापासून एक हात अलीकडे आली, काकूंच्या बाजूला. तीन. वहिनी कुजबुजल्या की दोनच तुकडे उरलेत.

पुढची वीज डोळ्यांवर पडली. मी ‘एक’ म्हणालो आणि ‘दोन’ म्हणायला वेळ मिळाला नाही. टेम्पोचा पत्रा हादरला, तो आवाज मला दातांत जाणवला, चालकाने डोकं धरलं. टेम्पोखाली तारली चावत होती.

शेवटचा तुकडा गेला. वाटीत पावसाचं पाणी जमू लागलं. काकूंनी वाटी बाजूला ठेवली आणि रिकामा तळवा पुढे धरला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं. पुन्हा लख्ख उजेड झाला. तारलीने त्या उजेडाकडे पाहिलं, मग तळव्याकडे पाहिलं, आणि ती टेम्पोखालून बाहेर आली, भर पावसात, उघड्या आकाशाखाली, शेपूट अजून पायांत. तिने तळवा चाटायला सुरुवात केली. गडगडाट आमच्या डोक्यावर झाला आणि लांबत लांबत समुद्राकडे गेला. तिने मान वर केली नाही.